रामाकोन्याचं रक्त

"झालं. उठा आता," डॉक्टर म्हणाले, आणि मी उठले, पदर सारखा केला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. डॉक्टर दचकून मागे सरले. त्यांच्या हातात माझ्या रक्ताची काच होती, ती पडता पडता वाचली. वयानं ते माझ्याहून थोडेच मोठे असतील. नागपूरला शिकून पांढुर्ण्यात नवा दवाखाना टाकलेले, अजून बिनलग्नाचे, नाव श्रीधर. त्यांच्या पाया आजवर कोणी पडलं असेल असं वाटत नव्हतं. कंपाउंडर भिवाजी दाराशी उभा होता. तो म्हणाला, "पडू द्या जी साहेब, आशीर्वाद देऊन टाका. अष्टपुत्रा म्हना." आणि माझा नवरा मोरेश्वर, सौंसरच्या शाळेतला मास्तर, बोटाला कापूस दाबून बाकावर बसला होता, त्यानं मान खाली घातली. वर्गात एखाद्या पोरानं तपासणीच्या दिवशीच पाढा चुकवावा तसं त्याचं तोंड झालं होतं. माझे कान गरम झाले. आठ पुत्रांचं सोडा, एक तरी होऊ द्यावा की नाही हेच विचारायला आम्ही सकाळच्या मोटरीनं इतक्या लांब आलो होतो.

मी का वाकले ते मला दुसऱ्याच क्षणी कळलं, आणि कळल्यावर आणखीच लाज वाटली. डॉक्टरांनी मला समोर बसवलं होतं. नाव विचारलं, विजयमाला. वडिलांचं नाव, माहेरचं गाव, रामाकोना. भावंडं किती, त्यांच्या तब्येती कशा, घरात कोणी लहानपणी गेलं का. मी खाली मान घालून उत्तरं देत होते. अंगावर लग्नातली जांभळी साडी होती. सकाळी पेटीतून ती का काढली, दवाखान्यात जाताना कोणी अशी साडी नेसतं का, याचा मी विचारच केला नव्हता. मग त्यांनी माझा हात उजेडाकडे ओढून बोटं पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आणि "उठा" म्हणताच शरीर आपोआप वाकलं. मुलगी पाहायला आले की असंच तर असतं. माझ्या मोठ्या बहिणीला, उषाला, पाहायला काटोलचे लोक आले होते तेव्हा मी दाराआडून सगळं पाहिलं होतं. ती अशीच बसली, अशीच उठली, अशीच वाकली. मला मात्र कोणी पाहिलंच नाही. मोरेश्वर माझ्या आत्याचा मुलगा. मामाच्या पोरीला पाहायचं नसतं. तिची पत्रिका काढत नाहीत, तिला चालून दाखवायला सांगत नाहीत, विचारतही नाहीत; आत्या एका दिवाळीला भावाकडे येते, भाऊबीज ओवाळते आणि ताटात काय घालू म्हणून भावानं विचारलं की म्हणते, "पोरगी घाल." झालं लग्न. उषाला तीन ठिकाणी नाकारलं तेव्हा मी मनातल्या मनात ऐटीत असायची की आपल्याला हे काही नाही. आणि आज लग्नाला दोन वर्षं झाल्यावर मी पाहून घ्यायला बसले होते, पांढुर्ण्याच्या दवाखान्यात, नवऱ्यादेखत. आणि पाहणारा नुसतं तोंड पाहून समाधान मानणारा नव्हता.

"पेशंट संपले की काचा पाहतो. जेवून या," डॉक्टर म्हणाले. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावरचा माणूस दिसेनासा होत होता. वैशाख. जिनिंगचा हंगाम संपून गेला होता तरी कुंपणाच्या तारांना, बाभळीच्या काट्यांना कापसाचे धागे अडकून राहिले होते आणि गरम वाऱ्यानं हलत होते. आम्ही दवाखान्यामागच्या निंबाखाली बसलो. मोरेश्वर अजून बोट दाबून होता. सुई टोचताना तो जागचा उठला होता, तेव्हा भिवाजीनं त्याला ऐकवलं होतं, "मास्तर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीले या गावात या. लोक दगडानं डोकं फोडून घेते अन् हासते. तेच लोक साहेबाची सुई पाहून पळते. तुमी त त्यायच्याहूनही पुढं गेले." मोरेश्वरला हे लागलं होतं. त्याला कुठलीही गोष्ट लागते. मी शिदोरी सोडली, भाकरीवर ठेचा ठेवला आणि ती त्याच्यापुढे धरली. "जेवा न. बोट काही गळून पडत नाही." तोंडानं मी त्याला 'तुमी' म्हणते. मनात अजून 'तू'च आहे; लहानपणी मी त्याला विहिरीच्या काठावरून ढकलून दिलं होतं, अशा माणसाला एकदम अहो-जाहो करणं तोंडाला जमलं तरी मनाला जमत नाही.

तो वर्षभर असाच होता. मागच्या उन्हाळ्यात त्याला हिवताप आला, तेव्हा तो याच डॉक्टरांकडे आला होता. डॉक्टरांना घरातली माहिती विचारायची खोड. यानं सांगितलं, मोठा भाऊ होता, गजानन; लहानपणापासून हाडं दुखायची, हातपाय सुजायचे, डोळे पिवळे व्हायचे, दहाव्या वर्षी गेला. डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, हा रक्ताचा आजार दिसतो, आईबापाकडून येतो. तुमच्या रक्तात त्याची खूण असू शकते आणि बायकोच्याही असू शकते, ती तर नात्यातली. दोघांच्यात असली तर तुमच्या लेकरालाही भावासारखं होऊ शकतं. लेकराचा विचार करण्याआधी दोघंही रक्त दाखवा. दाखवायचं कुठं, तर नागपूरला, नाहीतर त्यांची रक्त पाहायची दुर्बीण येईल तेव्हा इथंच. नागपूरला जायला हा तयार होईना. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात आपल्या तालुक्याचं कोणी ना कोणी असतंच, सौंसरभर होईल म्हणे. मग गेल्या दिवाळीत राज्यं नवी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो, आमची कचेरी भोपाळकडे तोंड करून बसली. काटोलला दिलेली उषा एका रात्रीत परराज्यातली झाली. याला आयतंच कारण सापडलं. "नागपूर आता आपलं नाही," असं तो अशा सुरात म्हणायचा की जणू त्याच्याकडूनच कोणी काढून घेतलं. तेव्हा दुर्बिणीची वाट पाहणं आलं. आणि दुर्बीण येईपर्यंत काय, तर माझा नवरा संत्र्याच्या बागेत झोपायला लागला.

बाग बोरगावच्या अंगाला आहे. राखण लागते, पण ती फळ धरल्यावर. हा थंडीत गेला तेव्हा ठीक होतं, झाडावर मृगाची संत्री होती. फळ उतरलं, व्यापाऱ्यानं गाड्या भरून नेल्या, झाडं पाणी तोडून ताणावर सोडली, पानं गळायला लागली, तरी मास्तर संध्याकाळी कंदील आणि घोंगडी घेऊन राखणीला. शेजारचे रघुनाथराव चौकात सगळ्यांदेखत म्हणाले, "काय बाबू, पानं चोरून राहिले का लोकं?" बायका विहिरीवर माझ्याकडे पाहून गप्प व्हायच्या आणि मी वळले की हसायच्या. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची. पहिल्या दिवशी त्यानं मला सगळं सांगितलं होतं, अगदी समोर बसवून, धड्यासारखं. त्याला खात्रीच होती की खूण आपल्यात आहे. भाऊ ज्यानं गेला ते आपल्यात नसेल असं होऊच शकत नाही, त्याला ते अन्यायाचं वाटायचं. "मी तुले फसवलं नाही, विजू. मले मालूम नोहोतं," असं तो म्हणायचा, आणि मी त्याला समजवायची, "त्यात काय? असलं त असलं. माह्यात नसन त काहीच नाही." हे मी इतक्या वेळा म्हणाले की म्हणता म्हणता माझा विश्वास बसला. समजूत घालणाऱ्याला एक सुख असतं, मी खोटं कशाला बोलू. वर्षभर मी त्याच्यापेक्षा थोडी उंच होते.

भाकरी खाता खाता मला गजाननभाऊ आठवला. मी लहान होते, पण आठवतो. उन्हाळ्यात आत्या दोघांना घेऊन रामाकोन्याला यायची. आमच्या घराच्या ओट्यावरून छोटी गाडी जाताना दिसायची, छिंदवाड्याकडून नागपूरकडे. गजाननभाऊला पळता यायचं नाही. त्याच्या पायांना आत्या एरंडाची पानं गरम करून बांधायची आणि तो ओट्यावर बसून राहायचा. मग त्यानं आपलं राज्य तिथंच थाटलं. तो गार्ड. लाल चिंधी हलवली की आम्ही सगळ्यांनी थांबायचं, हिरवं पान हलवलं की पळायचं. मोरू इंजिन, मी शेवटचा डबा. डबा मधेच सुटून चिंचा गोळा करायला गेला की गार्ड ओट्यावरून असा ओरडायचा की आजोबा झोपेतून उठायचे. त्याचे डोळे पिवळे होते हे मला विचित्र वाटायचंच नाही. मला वाटायचं, गार्डचे डोळे असेच असतात. तो हसायचा खूप. दुखायला लागलं की मात्र आत्या त्याला आत न्यायची आणि दार लावायची, आणि आम्ही पोरं दाराबाहेर उगाचच चिंचोके मोजत बसायचो.

तो गेल्यावर काय झालं ते मला फार पुढं कळलं, सून होऊन आल्यावर, थोडं थोडं. आत्याची सासू म्हणाली होती, आमच्या घरात सात पिढ्यांत असं लेकरू झालं नाही. हे रामाकोन्याचं. बाईच्या पोटातच खोट आहे. ती म्हातारी मेली, पण ते वाक्य घरात राहिलं. आत्यानं जामसांवलीच्या मारुतीला किती शनिवार केले, किती नारळ वाहिले, त्याला हिशोब नाही. लेकरू होतं तेव्हा त्याच्यासाठी केले आणि ते गेल्यावरही करतच राहिली, चूक नेमकी कोणती ते कळावं म्हणून. माझे सासरे नत्थूजी, ज्यांना मी मामाजी म्हणते, ते आत्याला कधी टाकून बोलले नाहीत. पण आईला गप्प बस असंही म्हणाले नाहीत. ते नुसतं "हूं" म्हणायचे. आणि देवकाबाई, माझी आत्या, कशाची बनली होती कोण जाणे. तिनं दुसऱ्या मुलासाठी मुद्दाम रामाकोन्याचीच पोरगी आणली. भावाची. लोक नको नको म्हणत असताना. मी आले ती अशी: मामाची पोरगी म्हणून न पाहता, आणि रामाकोन्याचं रक्त चांगलं असतं हे सगळ्यांना दाखवायला. मला चांगली, धट्टीकट्टी, हसरी लेकरं व्हायला हवी होती. निंबाखाली बसून माझ्या बोटाची टोचलेली जागा ठणकत होती आणि मला पहिल्यांदाच नीट भीती वाटली. आजवर मी मोरेश्वरच्या रक्ताची काळजी करत होते. माझ्याच रक्तात निघालं तर? याच्यात आहे आणि माझ्यातही, म्हणजे लेकरू नाही. मग हा जन्मभर पानं राखणार. आणि आत्याकडे पाहून लोक म्हणणार, सांगितलं होतं न. एका थेंबावर इतकी माणसं बसलेली. मी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून होते, तो मोरेश्वरनं काढून घेतला आणि खाल्ला. "जेव न व," तो म्हणाला, "तू कायले भेऊन राहिली? तुह्यात काही निघत नाही."

भिवाजीनं हाक मारली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. डॉक्टर टेबलाशी बसून होते, पुढ्यात ती पितळेची दुर्बीण, खिडकीकडे तोंड केलेली. त्यांनी आधी मोरेश्वरकडे पाहिलं. "मास्तर, तुमच्यात काही नाही. स्वच्छ आहे." मग माझ्याकडे वळून, जरा आवाज खाली आणून, "बाई, खूण तुमच्यात आहे." मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? पाहिलं आणि खोट काढली. उषाला रंगावरून नाकारलं, मला आतून. पण डॉक्टर पुढं बोलत होते. घाबरू नका, तुम्हाला काही होणार नाही, तुम्ही ठणठणीत आहात. बैलांच्या जोडीतला एक कच्चा असला तरी गाडी घरी पोचते; दोन्ही कच्चे असले की अडते. तुमच्यात एक कच्चा, मास्तरांकडे दोन्ही पक्के. मुलांपैकी एखाद्यात तुमच्यासारखी खूण जाईल, इतकंच. तो आजार होणार नाही. मला वाईट वाटलं आणि लगेच आनंद झाला, दोन्ही इतकं लागोपाठ की डोळ्यांत आलेलं पाणी कशाचं ते मलाच कळलं नाही. लेकरू होणार होतं. पळणारं होणार होतं. मी मोरेश्वरकडे पाहिलं, तर तो उभा राहिला होता.

"डाक्टर साहेब, काचा बदलल्या असन."

"मी स्वतः ठेवल्यात मास्तर. डावीकडे तुमची, उजवीकडे यांची."

"मंग डावी-उजवी चुकली असन. भाऊ माहा होता. हिचा नोहोता. माह्यात नाही अन् हिच्यात हाय, हे कसं होईन?"

"होतं असं. आईबापांनी तुम्हाला चांगलंच तेवढं दिलं. नशीब तुमचं."

"मी नाही मानत," मोरेश्वर म्हणाला. बांधाच्या भांडणात माणसं बोलतात तसा तो बोलत होता, एक हात टेबलावर आपटून. फरक इतकाच की लोक चांगल्या जमिनीसाठी भांडतात आणि हा कुसळं उगवणारा तुकडा माझाच म्हणून हट्टाला पेटला होता. "पुन्हा पाहा. आत्ता पाहा. ते माहंच हाय." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मोरू, चुप बस न बे!" दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि परक्या माणसांसमोर. भिवाजी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. डॉक्टर मात्र चांगले होते. त्यांनी पुन्हा रबर काढला, मोरेश्वरचं बोट बांधलं, पुन्हा टोचलं, आणि या वेळी तो हललाही नाही. पुन्हा माझंही टोचलं. पुन्हा ते कसल्याशा औषधाचा थेंब, पुन्हा वर पातळ काच, कडेनं व्हॅसलीन. आम्ही बाकावर बसून राहिलो. मी त्याच्याकडे चोरून पाहिलं. सहा महिन्यांची घोंगडी, थंडी, खोकला, लोकांचं हसणं, सगळं ज्याच्या जोरावर सोसलं ते त्याच्याखालून काढून घेतलं जात होतं. भावाकडचं एवढं एकच त्याच्याकडे उरलं होतं असं त्याला वाटत होतं, आणि तेही नव्हतं. मला त्याच्या गुडघ्यावर हात ठेवावासा वाटला. भिवाजी होता म्हणून ठेवला नाही.

दुसऱ्यांदाही तेच निघालं. डॉक्टरांनी मला विचारलं, पाहता का? मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग पिवळट उजेड आणि त्यात माझं रक्त, लाल नाहीच मुळी. गोल गोल कितीतरी, आणि मधे मधे कापलेल्या नखांसारखे वाकडे, टोकदार. मी खूप वेळ पाहत राहिले. हे मी बरोबर घेऊन हिंडत होते. हे घेऊन मी शेवटचा डबा होऊन पळत होते आणि गार्ड ओट्यावर बसून होता; त्याच्याकडे दोन्ही कच्चे आले आणि माझ्याकडे एकच, एवढाच आमच्यातला फरक. मोरेश्वरनंही पाहिलं. आधी माझी काच, मग स्वतःची. स्वतःच्या काचेवर तो इतका वेळ वाकून राहिला की डॉक्टर म्हणाले, "मास्तर, त्यात नाही हो सापडायचं." मग मला हसू आलं. आधी नाकातून, मग आवरेचना. भिवाजीही हसायला लागला, आणि शेवटी माझा नवराही, डोळा दुर्बिणीलाच ठेवून.

परतीच्या मोटरीत खिडकीची जागा मिळाली. वारा अजून गरम होता, पण ऊन उतरलं होतं. मोरेश्वरनं बोटाचा कापूस काढून बाहेर टाकला. मग म्हणाला, "मंग मी इतके दिवस काय राखून राहिलो होतो?" "पानं," मी म्हटलं. तो हसला. मोटरीत कोंबड्यांची टोपली होती, तिच्याकडे पाहत तो हळूच म्हणाला, "घरी आपन उलटं सांगू. माह्यात हाय म्हनून सांगतो. लेकराले त तसंही काही होत नाही न. मायले बरं वाटन. रामाकोन्याचं नाव जात नाही." मी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा पुन्हा तसाच झाला होता, सोसणाऱ्याचा, आणि जरा खुलला होता. पण लबाडी नव्हती त्यात. त्याला मला वाचवायचं होतं आणि आईला वाचवायचं होतं, आणि स्वतःला थोडं मोठंही राहायचं होतं. माणसाला एकाच वेळी तिन्ही वाटू शकतं. मी "बरं" म्हटलं. खरंच बरं वाटलं. कोणाचं काय बिघडत होतं? मी खिडकीवर डोकं टेकलं आणि मला लेकरांची नावं सुचायला लागली. मुलगी झाली तर जयश्री. इतकी सोपी होती ती गोष्ट.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सासरे नुकतेच पाटावर बसले होते. आत्या चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं वळून पाहिलं नाही. परातीतल्या पिठाकडे पाहत विचारलं, "काय म्हने डाक्टर?"

"माह्यात हाय," मोरेश्वर म्हणाला. "हिच्यात काही नाही. अन् लेकराले काही होत नाही, एकाच्यात असलं त चालते."

आत्यानं हात थांबवला. मोठा श्वास सोडला. "म्हंजे रामाकोन्याचं साफ हाय," ती म्हणाली, आणि हसली. मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, माहेरच्या अंगणात उभी असल्यासारखी. आणि माझ्या सासऱ्यांनी घास मोडला आणि म्हटलं, "हूं."

त्या 'हूं'नं माझं डोकं फिरलं. नुसता एक आवाज, पण त्यात सगळं होतं: ती म्हातारी, ते वाक्य, बंद दार, जामसांवलीचे शनिवार. आत्या साफ आहे म्हणून हसत होती, पण ती साफ नव्हती. उद्या कधीतरी एकटी बसली की तिलाच आठवणार होतं की मग गजानन कसा गेला. मोटरीत मी लेकरांची नावं शोधत होते आणि डॉक्टरांची बैलजोडी विसरून गेले होते. ती आता आठवली, पुरती, दोन्ही बैलांसकट. मी म्हटलं, "नाही आत्याबाई. हे लबाड बोलून राहिले. माह्यात हाय. ह्यायच्यात काही नाही."

मोरेश्वर म्हणाला, "विजू..." आत्याचं तोंड उतरलं. ती एकदम लहान दिसायला लागली. "म्हंजे माह्याच माहेराचं," ती पुटपुटली. "बुढी बरोबर म्हने."

"पुरं आयका त खरं. एका बाजूनं आलं त ते होतच नाही, आत्याबाई. माह्यात हाय न, पाहा मी कशी हाय. गजाननभाऊले झालं म्हंजे दोन्ही बाजूनं आलं. अर्धं तुमच्याकडून अन् अर्धं मामाजीकडून. डाक्टरनं सांगितलं, बैलाची जोडी लागते त्याले. एकट्या बाईच्यानं होतच नाही."

तव्यावरची भाकरी करपत होती. आत्यानं मोरेश्वरकडे पाहिलं. "खरं सांगून राहिली का ही?"

"खरं हाय, माय."

"अर्धं?"

"अर्धं."

आत्यानं पिठाचे हात पदराला पुसले, जे ती कधी करत नसे, आणि पदर मागे सारून सरळ नवऱ्याकडे वळली. "आयकलं का तुमी? अर्धं तुमचं होतं. मी पुरं घेऊन बसली होती इतके दिवस." आवाज चढला नव्हता. बाजारातून आणलेल्या गाठोड्यातलं ज्याचं त्याला काढून द्यावं तशी ती बोलत होती.

नत्थूजींचा घास हातातच होता. मला वाटलं ते उठून जातील. मग वाटलं, पुन्हा 'हूं' म्हणतील, आणि तसं म्हणाले असते तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. त्यांनी घास ताटात ठेवला. भिंतीशी उभा केलेला दुसरा पाट हात लांब करून ओढला आणि आपल्या शेजारी मांडला. "ये," ते म्हणाले. "जेवाले बस."

"मी मंग बसते सुनेसंग."

"आता बस."

ती बसली. मी चुलीपाशी गेले. दोघांच्या मधे ताट एकच होतं, आणि दोघंही जेवत नव्हती. सासरे ताटाकडेच पाहत म्हणाले, "गजाचं नाक माह्यावर गेल्तं."

"मंग?" आत्या म्हणाली. "अर्धा तुमचाच होता न तो."

मी करपलेली भाकरी बाजूला काढली आणि तव्यावर दुसरी टाकली.